काय करू नये

“कपडे काढा त्याचे. सारे काढा,” कहकशाँ म्हणाली, आणि कोणी काढेल याची वाट न पाहता तिनं कात्रीनं पोराचा शर्ट छातीवरून उभा फाडला.

शर्ट चिंब होता. त्याला फवारणीच्या औषधाचा तो उग्र, लसणासारखा वास येत होता. भादवा लागला की बार्शीटाकळीच्या त्या सरकारी दवाखान्यात हा वास फिनेलइतकाच घरचा होऊन जाई. कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर वाढलेली, वारा पडलेला, आणि पाठीवर पंप घेऊन पोरं दिवसभर त्या दाटीतून फवारत फिरायची. संध्याकाळपर्यंत त्यांतला एखादा गरगरत दवाखान्यात यायचा. कहकशाँनं असे किती पाहिले होते, याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंगाला कापरं. इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली तर बहुतेक जण उठून घरी जायचे.

या पोराच्या छातीतली घरघर मात्र वेगळी होती. तिनं कान लावून ऐकलं. आत पाणी होतं.

“उलटी झाली का याले?”

“झाली नाई बाई, आमीच काढली,” जीपमधून त्याच्याबरोबर आलेली बाई म्हणाली. ती त्याची आई होती, वच्छला. लुगड्याचा काष्टा चिखलानं भरलेला, हातात रिकामा तांब्या तसाच. “मिठाचं पानी पाजलं. एक तांब्या पाजला, मंग आखीन एक. थो पेत नोता, मुंडकं हालवत होता. तरी धरून पाजलं.”

“कोनं सांगतलं पाजाले?”

“बोर्डावर लिहेल हाय ना. कृषी केंद्राच्या.”

मागून एक मुलगी पुढे झाली. पोराची बहीण. बारावी झालेली, प्रणाली नावाची. पाठ केलेलं तिनं न अडखळता म्हटलं. “रोग्याला वावराबाहेर आणणे. कपडे काढून साबणाने अंग धुणे. औषधाचा डबा सोबत घेणे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे. दूध, तूप किंवा ताक पाजणे. गुंगी आल्यास झोपू देणे. आमी आंग धुवाच्या आधी पानीच पाजलं, बाई. वाटलं, जहर निघून जाईल.”

डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला सांगितलं. कहकशाँनं सुई हातात घेतली आणि क्षणभर तिला ती कुठं टोचायची ते सुचेना. ते शब्द तिचे होते. ‘रोग्याला वावराबाहेर आणणे’ इथपासून ‘झोपू देणे’ इथपर्यंत सगळे, त्याच ओळीनं.

“बोर्डावर कोनाचं नाव होतं?” तिनं विचारलं.

“खाली बारीक अक्षरात होतं,” प्रणाली म्हणाली. “फवारणीच्या आधी.”

पोराचं नाव अंकुर. त्याला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा रुग्णवाहिकेत कहकशाँ बरोबर होती. सारा रस्ता ती हवेची पिशवी दाबत राहिली. वच्छला समोरच्या बाकावर बसून तिच्या हाताकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुर गेला.

*

‘फवारणीच्या आधी’ हा कहकशाँचा ब्लॉग होता.

लग्नानंतर तीन वर्षांनी ती अकोल्याला माहेरी परतली, त्याला आता बराच काळ लोटला होता. घरात आई हलीमाबी आणि धाकटा भाऊ तौहीद. तौहीदचं नेटकॅफे होतं, आणि कहकशाँची नोकरी बार्शीटाकळीला. रोज सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. त्या वर्षांत वऱ्हाडावर सगळीकडून माणसं येत होती. पत्रकार यायचे, समित्या यायच्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे घेऊन जायच्या. फवारताना चुकून मेलेल्या पोराला त्या आकड्यांत जागा नसे. तो ना इकडचा, ना तिकडचा. कहकशाँला याचा राग यायचा, पण रागापेक्षा तिला दुसरंच डाचायचं. येणाऱ्यांतले निम्मे तरी घरच्या उपायांत वेळ घालवून आलेले असायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी भावाच्या कॅफेत बसून तिनं ब्लॉग उघडला आणि पहिलंच पान लिहिलं. पानावर दोन रकाने. डावीकडे हिरव्या अक्षरांत ‘काय करावे’. उजवीकडे लाल अक्षरांत ‘काय करू नये’. मीठपाणी, दूध-तूप, झोपू देणं, हे सगळं उजवीकडे होतं.

त्यानंतर तिनं पुष्कळ लिहिलं. हातमोजे, वाऱ्याची दिशा, रिकाम्या डब्यांचं काय करायचं. कोणी वाचतं असं तिला कधी वाटलं नाही. खाली कोणाचा शब्द नसायचा. तरी ती लिहीत राहिली.

अंकुरच्या तिसऱ्या दिवसानंतर ती त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरली. कृषी केंद्र रस्त्यालाच होतं. दाराशेजारी भिंतभर फ्लेक्स. हिरवंगार शेत, हसणारा फेटेवाला, आणि ओळीनं नंबर घातलेली यादी. एकच रकाना. सगळी अक्षरं हिरवी. लाल मथळा कुठंच नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘माहितीचा स्रोत: फवारणीच्या आधी’, आणि ब्लॉगचा पत्ता.

दुकानदार बाहेर आला. तिनं सांगितलं, तेव्हा त्याचा आधी विश्वास बसेना. मग त्यानं यादी बोट ठेवून परत वाचली.

“मी त नेटवरून घेतलं, बाई. शेतीची साइट हाय अमरावतीची. त्यायनं मेल पाठवला होता, दुकानात लावा म्हणून. लोकाईचं भलं होईल असं वाटलं.” त्यानं वळून फ्लेक्सकडे पाहिलं. “अंकुर माह्याच दुकानातून औषध न्यायचा.”

“अजून कोनाकोनाले पाठवला असन मेल?”

“मले काय ठाऊक. साऱ्याईले पाठवला असन.”

त्यानं शिडी लावून फ्लेक्स उतरवला. तो गुंडाळी करू लागला. कहकशाँनं खालून टोक धरलं.

*

“आपा, हे जमते,” तौहीद म्हणाला. घरात दोघं हिंदी आणि वऱ्हाडी मिसळून बोलायचे, पण कॉम्प्युटरसमोर बसला की तौहीद शुद्ध वऱ्हाडी होई. “सर्चवाल्याईची एक सोय हाय, अलर्ट म्हणते त्याले. आपुन शब्द देऊन ठेवाचे. नेटवर कोठीबी नव्या पानावर थे शब्द दिसले का तुह्या मेलवर चिठ्ठी येते. रोज शोधत बसा लागत नाई. यंत्रच शोधून राह्यते.”

“कोनते शब्द देऊ?”

“तुह्या ब्लॉगचा पत्ता दे. जो कोनी तुह्या पानाची लिंक देईल, थो सापडन. ब्लॉगचं नाव दे, अवतरणचिन्हात. नाई त फवारणी अन् आधी असे सुटे शब्द धरून कायबी येईन.”

तिनं दोन्ही दिले. मग थोडा विचार करून म्हणाली, “अन् ज्यानं पत्ताही नाई देल्ला, नावही नाई देल्लं, नुसतं उचललं, थो?”

तौहीदनं बहिणीकडे पाहिलं. “मंग तुहं एखादं वाक्य दे, जे दुसरं कोनी तसं लिहिनार नाई.”

तिला फार शोधावं लागलं नाही. डब्याविषयी तिनं लिहिलं होतं, ‘डबा लाजेकाजेस्तव लपवू नका, तो डॉक्टरला आधी दाखवा.’ असं दुसरं कोण लिहिणार होतं? तिसरा अलर्ट त्या वाक्याचा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली चिठ्ठी आली. मग येतच राहिल्या. तौहीदला आनंद झाला होता. वाशीमच्या एका मास्तरानं आपल्या शाळेच्या ब्लॉगवर तिची लिंक दिली होती, बरोबर, दोन्ही रकान्यांसकट. कोणा बचतगटानं दिली होती. एका राशिभविष्याच्या पानावर तिचा पत्ता का होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. “लोक वाचते ना तुहं, आपा,” तो म्हणाला. “दोन वर्सं तू म्हनत होती, कोनी वाचत नाई.”

कहकशाँ एकेक पान उघडून फक्त खालचा भाग बघत होती. मथळा आहे की नाही. काही पानांवर होता. काहींवर नव्हता. जिथं नव्हता, तिथली यादी ओळीनं तीच होती, फ्लेक्सवरची. आणि त्या साऱ्या पानांवरून मागं मागं गेलं की एकाच साइटशी पोचायला व्हायचं, अमरावतीच्या.

ती साइट उघडल्यावर तौहीदनं माथ्यावर हात मारला. “जुना फॉन्ट हाय, आपा. आपल्याले मराठी दिसते, यंत्राले एबीसीडी दिसते. हे तुह्या वाक्यानं कधीच नसतं सापडलं. पत्ता इंग्रजी अक्षरात होता म्हणून सापडलं.” त्यानं तिचं पान घेऊन त्या जुन्या फॉन्टात उतरवून बघितलं. दोन रकाने कोसळून एकाखाली एक आले, लाल रंग गेला, आणि दुसऱ्या रकान्याचं डोकं मधल्या मध्ये गळून पडलं.

ती बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

मग तिनं कीबोर्ड ओढला आणि स्वतःचं पान नव्यानं लिहायला घेतलं. रकाने काढून टाकले. मथळे काढले. रंग काढला. प्रत्येक वाक्यात त्याचा त्याचा नकार घातला. मिठाचं पाणी पाजू नका. उलटी काढू नका. दूध, तूप, ताक काही देऊ नका. झोपू देऊ नका. कुठूनही तोडा, कसंही चिकटवा, ‘नका’ वाक्याबरोबरच जायला हवं होतं. असं लिहिलेलं दिसायला ओबडधोबड दिसत होतं. तिनं तसंच ठेवलं.

मग तिनं चुकीच्या प्रत्येक पानाला मेल लिहिला. काहींनी लगेच दुरुस्त केलं, माफी मागितली. काहींनी उत्तर दिलं नाही. त्यांना ती दर सोमवारी परत लिहू लागली, तेच शब्द, न चिडता. अमरावतीच्या साइटला लिहिलेल्या एकाही मेलचं उत्तर आलं नाही.

*

डॉक्टरसाहेब नगरकडचे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला दुपारी खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

“सिस्टर, मी ऐकलं ते खरं आहे का? त्या फ्लेक्सवरचा ब्लॉग तुमचा आहे?”

“हो, साहेब.”

“सरकारी नोकरीत राहून हे लिहायला परवानगी घेतली होती?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग माझं ऐका. आजच तो ब्लॉग काढून टाका. उद्या कोणी पेपरवाला आला तर मुलगा तुमच्यामुळे गेला असं छापेल. खरं-खोटं नंतर. ब्लॉग नव्हताच, असं समजा.”

कहकशाँनं याचा विचार आधी करून ठेवला होता. “साहेब, मी माझं पान काढलं तर बरोबर लिहिलेलं तेवढं जाईल. उलटं लिहिलेलं सगळं जिथं आहे तिथं राहील, आणि त्याला खोटं ठरवायला काहीच उरणार नाही.”

“नोकरी गेली तर?”

“परवानगीचा अर्ज आणला आहे,” तिनं कागद टेबलावर ठेवला. “तुमच्यामार्फत वर पाठवायचा आहे.”

त्यांनी अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. त्या अर्जाचं उत्तर कधी आलं नाही. होकार आला नाही, नकारही आला नाही. ती लिहीत राहिली.

*

साइटवाल्याचा पत्ता तौहीदनं कुठूनसा काढून दिला. धर्मपाल नाव. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात कामाला. कहकशाँ आठवड्याच्या सुट्टीला अमरावतीला गेली, तिथून ऑटोनं नांदगाव पेठ. पाळी सुटायची वेळ होती. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिनं दोघातिघांना विचारलं, तर त्यांनी एका हडकुळ्या तरुणाकडे बोट दाखवलं. केसांवर सुताची पांढरी धूळ, हातात जेवणाचा डबा.

तिनं आपलं नाव सांगितलं. त्यानं ओळखलं.

“तुमचे मेल पायले मी,” तो म्हणाला. “वाचाले टाइम नाई भेटला. बारा घंटे ड्युटी हाय, ताई. त्याच्यावर साइट करतो. भाव टाकतो, हवामान टाकतो, कोनतं औषध, कोनतं खत. एक रुपया घेत नाई कोनाचा. अन् तुमचं त नावबी देल्लं होतं मी, पत्ता देल्ला होता. लोक त नावबी देत नाई.”

“म्हणूनच सापडले तुमी.”

“मंग तक्रार काय हाय?”

तिनं पिशवीतून दोन प्रती काढल्या. एक आपल्या जुन्या पानाची, एक त्याच्या पानाची. टपरीच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. तो वाकून वाचू लागला. वाचता वाचता त्याचं बोट डाव्या कागदावरच्या लाल मथळ्यावर थांबलं, मग उजव्या कागदावर ती जागा शोधू लागलं.

“हे गळलं,” तो म्हणाला.

“हो.”

“मी आजच दुरुस्त करतो. कन्व्हर्टरमंधी गेलं असन. दिवसाले दहा-पंधरा पानं टाकतो मी, सारी वाचून नाई होत.” मग त्याला तिचा चेहरा दिसला असावा. “कोनाले काई झालं का?”

“एक पोरगा गेला. बार्शीटाकळीकडचा. त्याच्या मायनं यादी पाहून मीठपानी पाजलं.”

धर्मपाल उभाच राहिला. मागून कोणीतरी त्याला बसची आठवण केली, त्यानं ऐकलं नाही. चहावाल्यानं त्याचा चहा बाकावर आणून ठेवला. त्यावर साय धरली, तरी त्यानं हात लावला नाही.

“साइटच बंद करतो,” तो शेवटी म्हणाला.

“बंद करू नका,” कहकशाँ म्हणाली. “तुमी मेल पाठवले ना दुकानाईले? थे कोनाकोनाले गेले थे तुमच्याच जवळ असन. मले थे पाह्यजे. अन् तुमच्याच पत्त्यावरून जाऊ द्या दुरुस्ती. माह्यावर थे लोक काहून भरोसा ठेवतीन? तुमच्यावर ठेवते.”

ते दोघं अमरावतीला आले, बसस्थानकाजवळच्या नेटकॅफेत बसले. त्यानं आधी पान दुरुस्त केलं. मग जुने मेल उघडले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, दुकानांमागून दुकानं. ती मजकूर सांगत होती, तो टाइप करत होता. ‘आधी पाठवलेला फ्लेक्स चुकीचा आहे. तो आजच उतरवा. तो वाचून एक तरुण दगावला आहे.’ शेवटचं वाक्य टाइप करताना त्याची बोटं थांबली. तिनं ते वाक्य काढा म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यानं पुढची अक्षरं दाबली.

उठताना तो म्हणाला, “त्यायले माहं नाव सांगसान का?”

“इचारलं त सांगीन.”

त्यानं मान हलवली. “सांगजा,” तो म्हणाला. “इचारलं त सांगजा.”

*

भिंतीवरचा फ्लेक्स कोणत्याच अलर्टला सापडत नसतो. ते काम पायानं करावं लागणार होतं. कहकशाँ एसटीच्या खिडकीशी बसून दर फाट्यावरची कृषी केंद्रं बघू लागली. हिरवा फ्लेक्स दिसला की उतरायची, दुकानदाराशी बोलायची, पुढची गाडी धरायची. काही उतरवून घेत. एकानं विचारलं, “तुमाले काय अधिकार हाय?” तिनं सांगितलं, “काहीच नाही,” आणि त्याच्या दारात उभी राहिली. गिऱ्हाईक येत-जात राहिलं, ती उभी राहिली. शेवटी त्यानं पोऱ्याला हाक मारून फ्लेक्स काढायला लावला.

हलीमाबी म्हणायची, “बेटा, तुझं पाप नाही ते. कशाला ओढून घेतेस?” कहकशाँ म्हणायची, “अम्मी, पापाचं नाही. माझं नाव आहे त्याच्यावर.”

पण एका घरी जायचं तिनं लांबणीवर टाकलं होतं. बाकी सगळं झाल्यावर तीही सबब उरली नाही.

वच्छला ओसरीत तूर निवडत होती. अंकुरचा बाप नत्थुजी भिंतीला टेकून बसलेला. प्रणालीनं पाणी आणलं. कहकशाँनं पाणी घेतलं, भांडं खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. पान कोणी लिहिलं, कसं उचललं गेलं, कुठं मथळा गळला. सोपं करून सांगितलं, काही गाळलं नाही.

वच्छलाचे हात सुपात तसेच राहिले.

“म्हंजे तठी लिहेल होतं, पाजू नका.”

“हो.”

“अन् मी पाजलं.”

कहकशाँनं मान हलवली.

“थो पेत नोता,” वच्छला म्हणाली. “मी नाक दाबून पाजलं.” तिनं कहकशाँकडे पाहिलं. “त्याच्यानंच गेला का थो? खरं सांगजा, बाई.”

नत्थुजी उठला आणि गोठ्याकडे निघून गेला.

दवाखान्यात अशा वेळी काय बोलायचं असतं ते कहकशाँला माहीत होतं. रोज बोलायची ती. आयुष्य तेवढंच होतं, देवाची मर्जी होती. ती म्हणाली, “जहर लई गेलतं आंगात. कदाचित गेलाच असता. पन पानी छातीत उतरलं, अन् टाइम गेला. पाजलं नसतं त वाचाची आशा जास्त होती. तुमी बोर्डावर होतं तसंच केलं.”

वच्छलानं सूप बाजूला सारलं. रडली नाही. अंगणाकडे बघत म्हणाली, “जा आता तुमी.”

कहकशाँ उठली. दारात थांबून म्हणाली, “ज्यानं उचललं त्याचं नाव सांगू का?”

“नाव घेऊन काय करू.”

*

दिवाळीच्या सुमाराला प्रणाली दवाखान्यात आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पुढे झाली. आजारी नव्हती.

“माय म्हनते, थे नेटवर तुमी लिहिता ना, तठी अंकुरचं नाव टाका. नुसतं ‘एक पोरगा’ नाई. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. अन् हेबी टाका का, मायनं मीठपानी पाजलं म्हणून.”

“असं म्हनते थे?”

“लोक म्हनते, अशानं बाईची बदनामी होईन. थे म्हनते, होऊ द्या. मायनं पाजलं असं वाचलं त दुसरी माय थांबन.”

कहकशाँनं ते त्याच संध्याकाळी तौहीदच्या कॅफेत बसून लिहिलं. प्रणालीला ती बरोबर अकोल्याला घेऊन आली होती; तिला शेजारी बसवून एकेक वाक्य वाचून दाखवलं, कारण ते घरी जाऊन आईला सांगणं प्रणालीचं काम होतं. अंकुर कसा होता, क्रिकेट खेळायचा का, हे काही त्यात नव्हतं. काय झालं, काय केलं, काय करायला नको होतं. शेवटी ‘नका’ची ती सगळी ओबडधोबड वाक्यं. मग तिनं चौथा अलर्ट लावला, अंकुरच्या पूर्ण नावाचा.

ते पान आधीच्या कुठल्याही पानापेक्षा लांब गेलं. धर्मपालनं आपल्या साइटवर पहिल्या जागी लावलं, खाली एक ओळ लिहिली: ‘आधीची चूक याच साइटवरून झाली.’ त्याचं काही वाकडं झालं नाही. काही लोकांनी शिव्या लिहिल्या, त्यानं त्या काढल्या नाहीत. मग दुसऱ्यांनी उचललं, तिसऱ्यांनी उचललं. कहकशाँ प्रत्येक पान उघडून तपासायची. वाक्यं तुटली होती, मागं-पुढं झाली होती, एका ठिकाणी मधलाच तुकडा होता. पण ‘नका’ कुठं गळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी भादव्यात फवारणीची पोरं दवाखान्यात आलीच. न येती तरच नवल. त्यांतल्या काहींना आणणाऱ्यांच्या हातात औषधाचा डबा होता. एका बाईनं तो पदराखालून काढून आधी तिच्याच हातात दिला.

वेचणी सुरू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी कहकशाँ त्यांच्या वावरात गेली. वच्छला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात, झाडांच्या ओळीत, उभी होती. त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. वच्छलानं हात थांबवले नाहीत, पण “या” म्हणाली.

“नाव कोठीकोठी गेलं थे सांगाले आली,” कहकशाँ म्हणाली.

“सांगा.”

तिनं सांगितलं. यवतमाळ. हिंगणघाट. परभणीची एक शाळा. नांदेड. खानदेशातलं एक दवाखान्याचं पान. वच्छला वेचत होती आणि प्रत्येक गावाला “हं” म्हणत होती.

“अन् आंध्रात,” कहकशाँ म्हणाली. “तठीबी पऱ्हाटी असते. तिकडच्या कोन्या मास्तरनं त्यायच्या भाषेत लिहिलं. तेलुगूत. मले वाचता येत नाई, पन माह्या पानाची लिंक होती म्हणून सापडलं.”

वच्छलाचे हात थांबले. “त्याच्यात त्याचं नाव हाय?”

“हाय. तिकडच्या एका नर्सले मेल करून इचारलं मी. कोनतं थे तिनं सांगतलं.”

तिनं पिशवीतून छापलेलं पान काढलं. गोल गोल अक्षरं, वेटोळ्यांसारखी. वच्छलाला मराठीही वाचता येत नव्हतं. तिनं हात लुगड्याला पुसले.

“कोनतं?”

कहकशाँनं दाखवलं. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेलं बोट वच्छलानं त्या अक्षरांवर ठेवलं, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं.

“अकोल्याच्या पलीकडं कधी गेला नोता थो,” ती म्हणाली.

मग तिनं ओटीतला कापूस दाबून सारखा केला आणि पुढच्या झाडाला हात घातला.